चार मिनिटांचं अंतर: घरातल्या व्हेंटिलेटरचा इतिहास

हा आपल्या इतिहासाच्या एपिसोडचा लिखित भाग. हेडफोन घरी राहिला असेल, डेटा संपत आला असेल किंवा एसटीत खिडक्या खडखडत असतील, तर वाचून काढा. बोलण्यातलं 'बघा' आणि 'म्हणजे' बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे श्वासाचं मशीन घरी वापरणारी लेकरं, आणि त्यांच्यावर दुरून लक्ष ठेवण्याची सोय.

काही लेकरांना स्वतःचा श्वास पुरत नाही. कुणाला एसएमए असतो, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी. त्यात स्नायू हळूहळू कमजोर होत जातात. कुणाला ड्युशेन असतो. कुणी फार लवकर जन्माला आलेलं असतं आणि फुप्फुसं कच्ची राहिलेली असतात. हॉस्पिटलात महिनोन् महिने जातात, तब्येत स्थिर होते, पण मशीन सुटत नाही. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, आता लेकराला घरी न्या, मशीनसकट. काहींना फक्त रात्री नाकावर मास्क लावून बायपॅप लागतं. काहींच्या गळ्याला छिद्र करून नळी बसवलेली असते आणि व्हेंटिलेटर चोवीस तास चालू असतो.

घरी आलं की पहिल्याच रात्री प्रश्न उभा राहतो. सगळे झोपल्यावर याच्याकडं बघणार कोण?

आजकाल यावर एक तयार उत्तर मिळतं. मशीनमध्ये सिमकार्ड आहे, डेटा क्लाउडवर जातो, डॉक्टर दुरून बघतात, काळजी करू नका. याचं नाव रिमोट मॉनिटरिंग. मी सॉफ्टवेअरवाला आहे, आणि काही बिघडलं की माणसाला उठवणाऱ्या सिस्टिम लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळं 'काळजी करू नका' हे वाक्य ऐकलं की मला उलट काळजी वाटायला लागते. अलर्ट पाठवणं सोपं असतं. तो कुणाला जातो, तो माणूस जागा आहे का, आणि पोचायला त्याला किती वेळ लागतो, ही खरी गुंतागुंत.

म्हणून मी मागं जाऊन बघितलं. हा प्रश्न पहिल्यांदा कुणाला पडला, त्यांनी काय केलं, आणि आपल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात त्यातलं काय चालेल. वाचता वाचता कळलं की या प्रश्नाचं एक फार चांगलं उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीच्या खेड्यांत सापडलंय. त्याला सिमकार्ड सोडा, वीजसुद्धा लागत नव्हती.

आधी एक आकडा

मेंदूला ऑक्सिजन मिळणं पूर्ण थांबलं तर साधारण चार-पाच मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. सगळ्या गोष्टीत हा आकडा लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात १०८ नंबरची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा ताफा होता ९३७ गाड्यांचा. त्या सेवेनं किती जीव वाचवले ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. पण परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या आतल्या एखाद्या वस्तीवर चार मिनिटांत गाडी पोचेल असं कुणीच म्हणणार नाही. पुण्यातसुद्धा सिग्नलला चार मिनिटं जातात. आणि लेकराला अतिदक्षता विभाग लागला की आपल्याकडची माणसं सोलापूर, लातूर नाहीतर पुण्याची वाट धरतात. धाराशिव शहरातून सोलापूर सत्तरेक किलोमीटर. म्हणजे तास-दीड तास.

एका बाजूला चार मिनिटं, दुसऱ्या बाजूला तास-दीड तास. या दोन आकड्यांमधली जागा कशी भरायची, याचाच हा इतिहास आहे.

लोखंडी पेटी

१९२८ साल. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फिलिप ड्रिंकर आणि लुई अ‍ॅगासी शॉ या दोघांनी एक मोठी पेटी बनवली. रुग्णाला आत झोपवायचं, डोकं फक्त बाहेर. पंपानं पेटीतली हवा कमी केली की छाती फुगते आणि हवा आत जाते. दाब परत वाढवला की श्वास बाहेर. याला पुढं लोक 'आयर्न लंग', म्हणजे लोखंडी फुप्फुस म्हणायला लागले. त्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात पोलिओ झालेल्या आठ वर्षांच्या मुलीवर ती पहिल्यांदा वापरली. बेशुद्ध पोरगी थोड्याच वेळात शुद्धीवर आली. पुढं काही दिवसांनी न्यूमोनियानं ती गेली, पण मशीन श्वास देऊ शकतं हे सिद्ध झालं.

म्हणजे श्वासाच्या यंत्राची सुरुवातच एका लहान मुलापासून झाली, आणि कारण होतं पोलिओ. आपल्याकडं पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळं आपल्या पिढीला पोलिओ म्हणजे फक्त 'दो बूंद'ची जाहिरात. १९५० च्या आसपास मात्र जगभरातल्या आयांची झोप या आजारानं उडवली होती.

कोपनहेगनचे विद्यार्थी

१९५२ चा उन्हाळा, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. पोलिओची प्रचंड साथ आली. ब्लेगडाम हॉस्पिटलात सहा महिन्यांत सुमारे २,७०० रुग्ण दाखल झाले. त्यातल्या तीनशेहून जास्त जणांना श्वासासाठी मदत लागणार होती, आणि हॉस्पिटलात होती एक लोखंडी पेटी आणि छातीवर बांधायची सहा छोटी यंत्रं. यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण गेले.

प्रमुख डॉक्टर लासेन यांनी ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसाला श्वास कसा द्यायचा हे भूलतज्ज्ञाला रोजचंच. इब्सेन म्हणाले, गळ्याला छिद्र करू, नळी घालू आणि रबरी पिशवी हातानं दाबून हवा आत सोडू. ऑगस्टच्या अखेरीस बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला आणि ती जगली.

पण पिशवी दाबणार कोण? दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे? हॉस्पिटलनं वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय कॉलेजच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. जवळपास दीड हजार पोरापोरींनी पाळ्या लावून पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तर-सत्तर रुग्ण असे हातांवर जगत होते. एकूण तास झाले १,६५,०००. आधी दहातले आठ-नऊ रुग्ण जात होते. ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं. जगातला अतिदक्षता विभाग, म्हणजे आयसीयू, इथून सुरू झाला असं मानतात.

आता यातली एक गोष्ट माझ्या धंद्याच्या नजरेनं बघा. पिशवी दाबणारा विद्यार्थी एकाच वेळी तीन कामं करत होता. तो पंप होता, कारण हवा तो देत होता. तो सेन्सर होता, कारण पिशवी जड लागली की नळीत कफ अडकलाय हे त्याच्या हाताला कळायचं. आणि तो मदतनीसही होता, कारण कफ ओढून काढायला हाक तोच मारणार. तिन्ही कामं रुग्णाच्या उशाशी एकाच माणसात होती, म्हणून चार मिनिटांचा प्रश्न तिथं आलाच नाही.

पुढं मशीन आलं आणि पहिलं काम त्यानं घेतलं. दुसरं काम सेन्सरनं घेतलं. तिसरं काम आजपर्यंत कुठल्याही मशीनला जमलेलं नाही.

डेन्मार्कमधूनच १९५६ साली आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आली. तिचं नाव तुम्हाला माहीत असेल, अँबू बॅग. सरकारी दवाखान्यात व्हेंटिलेटर रिकामा नाही म्हणून रात्रभर अँबू दाबत बसलेला बाप किंवा मामा आपल्यातल्या काहींनी बघितलाही असेल. कोपनहेगनच्या त्या पोरांचं काम आपल्याकडं नातेवाईक अजून करतायत.

घर स्वस्त, तरी बंदी

आता १९८१. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून, नाकावर मास्क लावून हवेचा दाब द्यायची पद्धत प्रसिद्ध केली. त्यातून पुढं सीपॅप आणि बायपॅपचं कूळ वाढलं. मशीन एवढं लहान झालं की ते बिछान्याशेजारच्या स्टुलावर बसायला लागलं.

त्याच वर्षी अमेरिकेत केटी बेकेट नावाच्या तीन वर्षांच्या मुलीची बातमी झाली. आयोवा राज्यातली ही पोरगी. पाच महिन्यांची असताना मेंदूज्वर झाला आणि व्हेंटिलेटर लागला. तब्येत सुधारली, दिवसातला बराच वेळ मशीनशिवाय राहू लागली, डॉक्टर म्हणाले घरी न्या. पण सरकारी योजनेचा नियम असा होता की हॉस्पिटलात असेल तर खर्च सरकार देणार, घरी गेली तर नाही. घरचा खर्च हॉस्पिटलच्या मानानं कितीतरी कमी होता, तरीसुद्धा! राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नोव्हेंबरमध्ये पत्रकार परिषदेत हे उदाहरण दिलं, नियमाला अपवाद झाला आणि त्या ख्रिसमसच्या आधी केटी घरी आली. पुढच्या वर्षी कायद्यातच बदल झाला. आज अमेरिकेतली अशी असंख्य मुलं तिच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सवलतीवर घरी राहतात. केटी स्वतः २०१२ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षांची होईपर्यंत जगली आणि अपंग मुलांच्या हक्कांसाठी बोलत राहिली.

हे इतक्या लांबचं उदाहरण मुद्दाम सांगितलं. आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना घ्या. गरिबाला तिचा मोठा आधार आहे. पण तिची बांधणी मुळात दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारांभोवती आहे. लेकरू मशीन घेऊन घरी आलं की नळ्या, फिल्टर, कफ ओढायचं सक्शन मशीन, इन्व्हर्टर, विजेचं बिल, हे सगळं घराच्या अंगावर येतं. २०२१ साली मुंबई-पुण्यातल्या चिमुकल्यांना एसएमएचं १६ कोटींचं इंजेक्शन मिळावं म्हणून लोकांनी मोबाइलवरून वर्गणी पाठवली, आयात कर माफ झाल्याच्या बातम्या आल्या. त्या वेळी आपण सगळ्यांनीच ते स्टेटस ठेवले होते. पण इंजेक्शनच्या आधी आणि नंतर ज्या घरात मशीन चालू असतं, तिथल्या रात्रीची बातमी होत नाही.

बोटावरचा चिमटा

दुरून लक्ष ठेवायचं तर आधी मोजता आलं पाहिजे. ते जमवलं जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरनं, १९७४ साली.

गंमत बघा. आओयागी वेगळंच काहीतरी मोजायला निघाले होते. कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदय किती रक्त ढकलतं ते त्यांना बघायचं होतं, आणि नाडीच्या ठोक्यामुळं सिग्नल सारखा हलत होता. म्हणजे नाडी हा त्यांच्यासाठी कचरा होता. तो काढायच्या नादात त्यांच्या लक्षात आलं की त्या हलणाऱ्या भागातच धमनीतल्या ऑक्सिजनची माहिती आहे. लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडायचे, ठोक्यागणिक ते किती शोषले जातात ते बघायचं आणि दोघांचं गुणोत्तर काढायचं. झाला पल्स ऑक्सिमीटर. सुई नको, रक्त नको. एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग ऑक्सिमीटर शोधत असताना, आओयागी गेले.

आणि सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आशाताई आणि त्यांच्यासोबतचे लोक दारोदार गेले, प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावला, ताप बघितला, आकडे लिहून घेतले. आपल्याला तेव्हा ते नेहमीचं सरकारी काम वाटलं. पण घरातल्या माणसाच्या श्वासाचा आकडा घरातून निघून आरोग्यखात्यापर्यंत पोचवायचं एवढं मोठं काम आपल्या राज्यानं करून दाखवलं होतं, हे विसरू नका. आणि आकड्यासोबत दारात माणूस होता.

ऑक्सिमीटरची एक मर्यादाही सांगून ठेवतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांमध्ये हा चिमटा ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची चूक जवळपास तिप्पट वेळा करतो. आपल्या रंगाच्या लोकांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. चिमटा ९५ म्हणतोय आणि लेकराचं पोट उडतंय, तर पोटावर विश्वास ठेवायचा.

गडचिरोलीचे मणी

आता मी ज्यासाठी हा एपिसोड केला ती गोष्ट.

१९८० च्या दशकाचा शेवट. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था गडचिरोलीत काम करत होती. लहान मुलं न्यूमोनियानं जात होती. दवाखाना लांब, रस्ता नाही, पावसाळ्यात नदी आडवी. न्यूमोनिया ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका.

अडचण अशी की गावातल्या सुईणींपैकी अनेकींना आकडे येत होते दहा-बारापर्यंत. साठ मोजणार कसे, आणि घड्याळ बघणार कोण?

बंग दांपत्यानं 'ब्रेथ काउंटर' बनवला. एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन रांगा, एक अगदी तान्ह्या बाळासाठी आणि एक थोड्या मोठ्या लेकरासाठी. वाळू सुरू करायची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा, आणि तिथंच, त्याच घरात औषध सुरू करायचं.

माझ्या भाषेत सांगायचं तर यात सेन्सर आहे, टायमर आहे, वयाप्रमाणं बदलणारी मर्यादा आहे आणि लाल अलर्ट आहे. चार्जिंग नाही. आणि ज्या सुईणीला अलर्ट दिसतो तिच्याच हातात औषध आहे. अलर्ट आणि उपाय यांच्यात अंतरच ठेवलेलं नाही. आशाताईंच्या ऐवजी सुईण, सर्व्हरच्या ऐवजी मणी, पण आखणी पक्की. या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. काम झालेल्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांच्या निम्म्यावर होते.

१९९५ पासून त्यांनी नवजात बाळांकडं मोर्चा वळवला. ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या बायका, त्यांना 'आरोग्यदूत' म्हणतात, बाळंतपणाला हजर राहायच्या आणि पुढं ठरलेल्या दिवशी घरी जायच्या. बाळ रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर मास्कनं हवा द्यायला त्यांना शिकवलं होतं. सुरुवातीला नळी-मास्क, नंतर पिशवी-मास्क. कोपनहेगनमध्ये कॉलेजच्या पोरांनी दाबलेली पिशवी आता गडचिरोलीच्या झोपडीत थोडी शाळा शिकलेल्या बाईच्या हातात होती! १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'नं निष्कर्ष छापले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. पुढं 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रात सात ठिकाणी हीच पद्धत करून बघितली आणि २०११ मध्ये देशभरात आशाताईंच्या कामात ती आली. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई दारात येते, त्याचं मूळ गडचिरोलीत आहे.

आपल्या जिल्ह्यातही या विचाराला जागा होती. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं १९९० च्या दशकापासून गावातल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' तयार केल्या. किल्लारीच्या भूकंपानं लातूर-उस्मानाबादची गावं मोडून पडली होती तो हा काळ. शिकलेला डॉक्टर गावात राहत नाही, तर गावात राहणाऱ्या बाईला शिकवा, हा साधा हिशोब.

पंचावन्न व्हेंटिलेटर

आता याच्या उलटी गोष्ट. २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून पन्नास हजार देशी व्हेंटिलेटर घ्यायचं ठरलं. त्यातले १५० छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, सरकारी मेडिकल कॉलेजला मिळाले. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढं आला. कोर्टापुढं आलेला हिशोब असा. १७ मेडिकल कॉलेजनं ठेवले, ४१ खाजगी हॉस्पिटलांना दिले, ५५ बीड, उस्मानाबाद, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांना पाठवले, आणि ३७ खोक्यातच होते. वापरात आणलेले ११३ सदोष असल्याचं डॉक्टरांचं म्हणणं होतं. केंद्राच्या बाजूनं सांगण्यात आलं की मशीन ठीक आहेत, हॉस्पिटलमधली सोय आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण कमी पडतंय. दोष ढकलण्यापेक्षा रुग्णांकडं बघा, अशा शब्दांत कोर्टानं सुनावलं.

कोण किती चुकलं हा वाद बाजूला ठेवा. या वादातून एक गोष्ट उघड दिसते. मशीन पोचलं म्हणजे श्वास पोचला असं होत नाही. ते चालवणारा माणूस, दुरुस्त करणारा माणूस, आणि 'हे चालत नाही' असं म्हटल्यावर पलीकडून लगेच ऐकणारा माणूस लागतो. चार जिल्ह्यांतल्या मशीनची अवस्था आपल्याला कळली ती कोर्टाच्या कागदातून. रिमोट मॉनिटरिंगची याहून संथ तऱ्हा असू शकत नाही.

हे घडलं हॉस्पिटलांत, जिथं डॉक्टर आणि नर्स उशाशी होते. घरात तर आई आणि आजीच असते.

सिमकार्डवालं मशीन काय करतं

आता आपल्या मूळ प्रश्नाकडं येऊ. २०१४ च्या सुमारास मोबाइल मोडेम आतच बसवलेली श्वासाची मशीन बाजारात यायला लागली. मशीन किती तास चाललं, मास्कमधून हवा किती गळतेय, प्रत्येक श्वासात किती हवा गेली, लेकरू स्वतः किती श्वास घेतंय, हे सगळं नोंदलं जातं आणि डॉक्टरच्या स्क्रीनवर दिसतं. बऱ्याच मशीनमध्ये हा गोषवारा दिवसातून एकदा जातो.

इथं फोड करून बघायला पाहिजे. घरातल्या श्वासाच्या मशीनची कामं दोन वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात.

एक घड्याळ मिनिटांचं. नळी निसटली, कफ अडकला, लाइट गेली, बॅटरी उतरली. इथं मशीनचा भोंगा वाजतो आणि जो उशाशी आहे त्यानंच धावायचं. पुण्यातल्या डॉक्टरच्या फोनवर हाच अलर्ट दोन सेकंदांत पोचला तरी तो डॉक्टर उमरग्याच्या घरात नळी जोडायला येऊ शकत नाही. चार मिनिटांचा आकडा इथं लागू होतो.

दुसरं घड्याळ आठवड्यांचं. लेकरू वाढतंय, वजन बदललं, आधीचा दाब आता पुरत नाही. मास्क नीट बसत नाही म्हणून गळती वाढतेय. गेल्या आठ दिवसांत श्वासाचा वेग हळूहळू वाढलाय, म्हणजे कदाचित छातीत काहीतरी सुरू होतंय. हे आईच्या डोळ्याला सहज दिसत नाही, कारण रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही. आलेख बघणाऱ्याला कळतो. इथं रिमोट मॉनिटरिंग सोन्यासारखं आहे. सोलापूरला जायचे दोनशे-तीनशे रुपये भाडं, बुडालेली मजुरी आणि मशीनवरच्या लेकराला उन्हात नेण्याची जोखीम वाचते. आणि गरज असेल तेव्हा दोन दिवस आधी बोलावता येतं.

घोटाळा होतो तो पहिल्या घड्याळाचं काम दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं की. 'डॉक्टर बघतायत' या समाधानात घरातला माणूस गाढ झोपला, तर दुरून बघण्याचा फायदा होण्याऐवजी तोटा होईल.

धाराशिवसाठी हिशोब

गडचिरोली आणि कोपनहेगन शेजारी ठेवून मी आपल्या जिल्ह्यापुरता हिशोब मांडतो. नीती आयोगानं २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आपला उस्मानाबाद होता. म्हणजे एका बाबतीत आपण आणि गडचिरोली एकाच यादीत आहोत. मग त्यांची युक्ती आपण का घेऊ नये?

पहिली गोष्ट, हॉस्पिटलातून सुटी देण्याआधी घरातल्या निदान दोन माणसांना हातानं करून दाखवता आलं पाहिजे. नळी बदलणं, कफ ओढणं, अँबू दाबणं. दोन माणसं अशासाठी की आईला कधीतरी झोप लागणारच, आणि ती लागायलाच हवी. उशाशी अँबू बॅग असणं हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. मशीन बंद पडलं, लाइट गेली, तरी १९५२ ची पद्धत चालते.

दुसरी गोष्ट, वीज. उन्हाळ्यात आपल्याकडं लाइट जाते, वादळात खांब पडला तर रात्र काढावी लागते. मशीनची आतली बॅटरी काही तासांची. ज्या घरात असं लेकरू आहे त्या घराचं नाव गावच्या वायरमनला, सरपंचाला आणि आशाताईला माहीत असायला हवं. याला अ‍ॅप लागत नाही, एक वही पुरते.

तिसरी गोष्ट, आकडा आणि माणूस यांची जोडी. डॉक्टरच्या स्क्रीनवर आलेख बिघडलेला दिसला तर फोन कुणाला जाणार, हे आधी ठरलेलं पाहिजे. घरी, आणि सोबत गावातल्या आशाताईला. ती पाच-दहा मिनिटांत दारात जाऊ शकते. तिला त्यासाठी शिकवावं लागेल आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्यावे लागतील. आधीच तिच्या डोक्यावर कामांची चळत आहे, त्यात फुकटचं एक वाढवून चालणार नाही.

चौथी गोष्ट केटी बेकेटकडून घ्यायची. लेकरू दवाखान्यात असताना जो खर्च योजना उचलते, त्यातला थोडा भाग त्याच्या मागं घरी गेला पाहिजे. पैसे हॉस्पिटलच्या दारात थांबले तर गरीब घर मशीन परत करेल, आणि मग सगळ्या डेटाचा काही उपयोग नाही.

जाता जाता एक काम सांगतो. घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर ते शांत झोपलेलं असताना मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. वर सांगितलेले ६०, ५० आणि ४० हे आकडे लक्षात ठेवा. लेकरू आजारी नसताना त्याचा आकडा किती असतो हे ज्याला माहीत असतं, त्याला बिघडलेला आकडा लवकर कळतो. जास्त वाटला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, दवाखाना गाठा.

तुमच्या ओळखीत मशीनवरचं लेकरू असलेलं घर असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवा. आणि जमलं तर एखाद्या रात्री त्यांच्याकडं थांबा, अँबू कशी दाबतात ते शिकून घ्या आणि त्या आईला सहा तास झोपू द्या. कोपनहेगनच्या पोरांची पाळी साधारण तेवढीच असायची.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.